जरा नैसर्गिक उभे राहा

न्हावऱ्यात उघड्यावर फोटो काढायचा म्हटला तर जागेला तोटा नाही. चहू बाजूंनी उघडंच आहे. शिरूरकडून या, चौफुल्याकडून या, नाहीतर तळेगाव ढमढेऱ्याच्या अंगाने या; ऊस, कांदा, ज्वारी आणि मधेच माळ, दुसरं काही आडवं येत नाही. तरी आमच्या खटल्याचा एक फोटो कुठे काढायचा हे ठरायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पूर्वी लग्नं जमत, याद्या होत आणि जावयाचा दिवाळसणही उरकत असे.

निमित्त आप्पांच्या पंच्याहत्तरीचं. आमच्या भागात हे ‘आउटडोअर’ प्रकरण टप्प्याटप्प्याने आलं. आधी प्री-वेडिंग आलं. लग्नाआधी पोरापोरीने शेजारी बसायचं नाही म्हणणाऱ्या घरांनीच ड्रोनचे पैसे मोजले. मग डोहाळजेवणाचं शूट आलं, मग बाळाचं, मग बाळाच्या अर्ध्या वाढदिवसाचं. शिरूरला, दौंडला या कामाची पोरं तयार झाली. त्यांच्याकडे कॅमेरा असतो, छत्री असते आणि कोणाशीही भांडण न करता तीन तास उभं राहायची शक्ती असते. आता फक्त अख्खं कुटुंब एका जागी उभं करायचं राहिलं होतं. ते शेवटपर्यंत का राहिलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

पहिला प्रस्ताव मोराच्या चिंचोलीचा. चिंचेची झाडं, मोर, सगळं आयतं. आत्या म्हणाल्या, “मोर मागं उभा राहिल्यावर आपल्याकडं कोण बघंल?” प्रस्ताव तिथेच पडला. रांजणगावचा महागणपती जवळ आहे, पण देवाच्या दारात जाऊन नुसता फोटो काढून माघारी येता येत नाही. दर्शन आलं, दर्शनाला रांग आली, आणि रांगेतून बाहेर पडेपर्यंत पोरं आणि इस्त्री दोन्ही हाताबाहेर जाणार. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, बघायला लांबून लोक येतात. आई म्हणाली, “तिथं एकेका पोरामागं दोन दोन माणसं धरायला लागतील. मग फोटोत कोण ऱ्हायलं?” भिगवणला हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, त्यांचं नाव माझ्या बायकोने काढलं. पण दौंड ओलांडून पुढे जायचं म्हणजे पहाटे निघायचं, आणि आमच्या घरातून पहाटे निघालेली गाडी शेजारच्या आळीतून दुपारी बाहेर पडते. शेवटी आपलंच रान ठरलं. ज्वारी निसवलेली, एका अंगाला उसाला तुरे आलेले, बांधावर लिंब. ‘फुकटात’ हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण एकमत झालं ते त्याच्यावरच.

फोटोवाल्या पोराने मोबाइलवर सूचना धाडल्या. थोरल्या वहिनींनी त्या ओसरीवर मोठ्याने वाचल्या. लहान मुलांची झोप झालेली असावी. पोट भरलेलं असावं, पण अगदी आत्ताच खाऊ घातलेलं नसावं. कपडे फिक्या रंगाचे, अंगाला टोचणारे नसावेत, त्यांवर मोठी अक्षरं नसावीत. सोबत आवडतं खेळणं असावं. आप्पा ऐकत होते. म्हणाले, “चाकणच्या बाजाराला बैल न्यायच्या आधी आम्ही दुसरं काय करत हुतो?” त्यात शेवटची सूचना होती, ‘सगळ्यांनी नैसर्गिक राहावे.’ ही सूचना वाचल्यापासून घरात कोणीही नैसर्गिक राहिलं नाही.

वेळेवरून पहिला खटका उडाला. फोटोवाला म्हणाला, “संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा. गोल्डन अवर. सगळे उसाच्या कडेला उभे राहा, मागून ऊन येईल, केसांना सोन्याची कड येईल.” त्याला वाटलं आम्ही खूश होऊ. ओसरीवर कोणी बोलेना. शिरूर तालुक्यात दिवस मावळताना लहान पोरं घेऊन उसाच्या कडेला उभं राहायचं, ही कल्पना पाहुण्याला सुचते किंवा बिबट्याला. यात थट्टेचा भाग फार थोडा आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात बिबट्याला ऊस हेच रान झालंय. तिथेच त्याची पिल्लं होतात, तिथेच वाढतात, आणि ज्यांच्या अंगणातून पोर गेलं त्यांची घरं याच तालुक्यांत आहेत. उजेड सोनेरी व्हायला लागला की पोरं मोजून आत घ्यायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. फोटोवाल्या पोराला हे माहीत नव्हतं असं नाही, तोही इकडचाच. पण कॅमेरा हातात आला की माणूस थोडा परगावचा होतो.

तेव्हा सकाळ ठरली. हुरड्याच्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेसातला सगळे रानात हवेत. हे ऐकायला सोपं आहे. साडेसातला दूध डेअरीवर पोचवायचं असतं, कारण फॅट लागो न लागो, काटा कोणासाठी थांबत नाही. शेतीची थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे थोरला भाऊ रात्रभर कांद्याला पाणी धरून पहाटे आडवा झालेला. घरातल्या बायका चारला उठलेल्या, त्यांना साडेसात म्हणजे निम्मा दिवस. आणि लहान मुलांची झोप पूर्ण झालेली हवी होती. एकाच घरात एकाच वेळी कोणी झोपलेलं हवं, कोणी उठलेलं हवं, कोणी आंघोळ केलेलं हवं. हे जुळवून आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी पुण्यात नोकरी करतो आणि घरच्यांच्या मते मला तिथे काही काम नसतं.

फिक्या रंगांची गोष्ट त्याहून अवघड. बायकोने ‘ऑफ व्हाइट’ सुचवला. आई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, “अख्ख्या घरानं पांढरं घालून रानात उभं ऱ्हायचं? लोक इचारायला येतील, काय झालं म्हणून.” आप्पांना मात्र ही कल्पना पसंत पडली. धोतर, नेहरू शर्ट आणि टोपी या वेषात त्यांनी साऱ्या फॅशनी येताना आणि जाताना पाहिल्या होत्या. पंच्याहत्तराव्या वर्षी सगळं घर आपल्या रंगावर येतंय याचं त्यांना समाधान वाटलं. तडजोड अशी झाली की प्रत्येकाने आपल्या मनाने फिकं घालावं. थोरल्या वहिनींचं फिकं म्हणजे मोरपंखी, कारण त्यांच्याकडच्या बाकीच्या साड्यांपुढे ते फिकंच. आत्यांनी पोपटी काढली. निसवलेल्या ज्वारीपुढे त्या उभ्या राहिल्या तेव्हा नथ, कपाळ आणि चष्मा एवढंच दिसत होतं, बाकीच्या आत्या पिकात मिसळून गेल्या होत्या. मोठी अक्षरं नकोत म्हटल्यावर पुरुषमंडळींची पंचाईत झाली. आमच्याकडे टी-शर्ट विकत घ्यायची पद्धत नाही. ते बियाणांच्या आणि खतांच्या कंपन्या देतात. चुलतभावाने त्यातलाच एक उलटा करून घातला. तेव्हा मागचं मिरचीचं चित्र पुढे आलं.

पण खरी अडचण कपड्यांत नव्हती, तोंडांत होती. माणूस कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आयुष्यात एकदाच शिकतो, आणि ज्या कॅमेऱ्यासमोर शिकतो त्याच्यासमोरच पुढे आयुष्यभर उभा राहतो, समोर कॅमेरा कोणताही असो. आमच्या बांधावर त्या सकाळी चार काळांतले कॅमेरे एकदम जमले होते. हातात फक्त एक दिसत होता.

आप्पा स्टुडिओत शिकले. घोडनदीला, म्हणजे शिरूरला, लग्नानंतर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग, कारंजं आणि कुठेच न जाणारा जिना. “हलू नका, श्वास धरा,” एवढं सांगितलं गेलं आणि आप्पांनी तो श्वास अजून सोडलेला नाही. तसं पाहिलं तर त्यांच्या लग्नाच्या वेळी श्वास धरायची काही गरज उरली नव्हती, कॅमेरे पुष्कळ जलद झाले होते. ती सूचना त्याहून शंभर वर्षं जुनी होती. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने आपली युक्ती जगापुढे ठेवली तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. पुढे काचा आल्या, मिनिटांचे सेकंद झाले, तरी मान हलू नये म्हणून स्टुडिओत माणसाच्या मागे लोखंडी दांडा उभा करून त्याच्या चिमट्यात डोकं बसवत. इतका वेळ हसू टिकत नाही, गांभीर्य टिकतं. म्हणून त्या काळचे सगळे लोक आत्ताच कोर्टातून आल्यासारखे दिसतात. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, स्वतः डॉक्टर आणि हौसेने फोटो काढणारे. ‘हलू नका’ म्हणणं आणि ‘दुखतंय का’ विचारणं, या दोन्ही कामांना एकच माणूस मिळाला हे एक बरं झालं. मुंबईत निघालेली ती सूचना घाट चढून घोडनदीला पोचेपर्यंत तिची गरज संपली होती, पण सूचना म्हटल्यावर ती पाळावी लागते.

त्यानंतरचे आप्पांचे सगळे फोटो सरकारने काढले. मतदार ओळखपत्र, आधार, खरेदीखताला निबंधक कार्यालयातला तो टेबलावरचा छोटा डोळा. तिथेही हसायला कोणी सांगत नाही. आणि आता नवीनच निघालंय. मोबाइलपुढे चेहरा धरायचा आणि माणूस जिवंत आहे हे पटायला डोळे मिचकवायचे. ज्या माणसाला स्टुडिओवाल्याने डोळे मिचकवले तर पुन्हा पैसे पडतील अशी धमकी दिली होती, त्याला पन्नास वर्षांनी यंत्र म्हणतं, मिचकव, नाहीतर तू नाहीस. आप्पांनी यातून आपल्यापुरता मार्ग काढलाय. कोणताही कॅमेरा समोर आला की ते आधी श्वास धरतात आणि मग सावकाश, एकदाच, दोन्ही डोळे मिचकवतात. आमच्या फोटोवाल्याचं बोट बरोबर त्याच वेळी दाबलं जात होतं.

उघड्यावरच्या फोटोचा घरातला सर्वांत मोठा अनुभवही आप्पांचाच आहे, हे शहरातल्यांना सांगून पटत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लागतं. आप्पांनी ज्वारीचे, कांद्याचे, उसाचे फोटो काढले आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की पीक कुरकुर करत नाही, त्याला सरळ उभं राहा म्हणून सांगावं लागत नाही आणि आपण कसे दिसतोय ते बघायला ते धावत येत नाही.

नाना, म्हणजे आप्पांचे धाकटे बंधू, हे क्लिक थ्रीच्या काळातले. बडोद्याला बनणारा तो ॲग्फाचा काळा डबा गावात पहिला त्यांच्याकडे आला. उटीच्या कारखान्यातला इंदू रोल त्यात घालायचा, बारा फोटो निघायचे. बारा म्हणजे बारा. त्यात एक लग्न, एक जत्रा, नवा बैल आणि धुऊन आणायला कोणी पुण्याला जाणारा मिळेपर्यंतचे राहिलेले महिने बसवायचे असत. त्यामुळे नानांच्या हाताखाली तयार झालेली माणसं एकाच क्लिकला जिवावर उदार होऊन उभी राहतात. पुढच्या क्लिकला ती निघून गेलेली असतात. फोटोवाला म्हणे, “अजून एक,” तोवर आमचे तिघं चुलते लिंबाखाली तंबाखू मळायला बसलेले. एका फोटोचे तीनशे फोटो काढायचे, हा त्यांच्या मते रोलचा नसला तरी माणसांचा अपव्यय आहे.

नानांचा दुसरा सिद्धांत सूर्याचा. त्या डब्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. म्हणून त्या काळातल्या सगळ्या बाहेरच्या फोटोंत आमचं घराणं डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून, कोणावर तरी दावा लावल्यासारखं उभं आहे. आता हा पोरगा म्हणतो सूर्य तुमच्या पाठीशी हवा. नाना म्हणाले, “तोंडावर ऊन नको म्हणतोस, मग तोंड दिसणार कशानं?” पोराने समजावलं की हल्ली सावलीतलं तोंड उजळ करता येतं. नाना गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. आणि नानांनी काढलेल्या फोटोंत पाय, चप्पल, पुढचं अंगण सगळं व्यवस्थित येई, डोकी तेवढी कापली जात. यावरून कोणी बोललं की मी त्यांची बाजू घेतो. आमच्या शेजारी घोडनदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं, त्यात तीन हजार वर्षांहून जुनी मातीची देवी मिळाली, मातीच्याच डबीत घालून ठेवलेली, आणि तिला डोकं नाही. तेव्हा माणसाची आठवण ठेवायला डोकं लागतंच असं नाही, ही या नदीकाठची जुनी समजूत असावी. नानांनी ती फक्त क्लिक थ्रीवर आणली.

आमच्या पिढीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आम्हाला मोबाइलने शिकवलं, त्यामुळे आमच्या प्रत्येकाची एक बाजू चांगली आहे आणि दुसरी कोणी पाहिलेली नाही. चार जावा शेजारी उभ्या केल्या तर चौघी उजवा गाल पुढे करून एकाच दिशेला वळतात. नवरे मोबाइलकडे बघतात.

मुलांचं मात्र वेगळंच निघालं. ती कॅमेऱ्याला मुळीच बुजत नाहीत. जन्मल्याच्या तासाभरात त्यांचा पहिला फोटो गटावर गेलेला असतो. त्यांची अडचण अशी की त्यांना आपण दिसल्याशिवाय हसता येत नाही. मोबाइलमध्ये आपलं तोंड समोर दिसतं, त्याला बघून हसायचं, हे त्यांना माहीत. या मोठ्या कॅमेऱ्याला पुढून नुसती काळी काच. आमची चार वर्षांची पुतणी पहिल्या क्लिकला रांगेतून सुटली, ज्वारीच्या ताटातून धावत फोटोवाल्याकडे गेली आणि “दाखव” म्हणाली. त्याने दाखवला. ती बघून परत जागेवर आली. दुसऱ्या क्लिकला पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी तिच्यामागे बाकीची पोरं निघाली, आणि चौथ्या वेळी आत्या. पोपटी साडीचं काय झालं ते त्यांनाही बघायचं होतं.

मुलांची तयारी आम्ही आदल्या दिवसापासून केली होती. फोटोवाल्याने सांगितलं होतं की मुलांना ‘हसा’ म्हणू नका, काहीतरी काम द्या. आमच्याकडे पोरांना काम द्यायची पद्धत आहे, हसायला सांगायची नाही, त्यामुळे हे जमायला हवं होतं. पण ऐनवेळी प्रत्येक मोठ्या माणसाने आपापल्या परीने शिस्त लावली. आजीने सांगितलं, “रडलास तर त्यो फोटोवाला झोळीत घालून नेईल.” आत्यांनी त्याला दुजोरा दिला. आणि फोटोवाला आल्यावर त्याच पोराला सगळे मिळून सांगायला लागले की काकाकडे बघ, काकाकडे बघून छान हस. पोर काकाच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघत होतं. बॅग चांगली मोठी होती.

लाच देण्याचाही प्रयत्न झाला. थोरल्या पुतण्याला हसण्याबद्दल कुरकुऱ्यांचा पुडा कबूल केला. त्याने निम्मा आगाऊ मागितला. पुडा फुटला आणि वहिनींनी उसाच्या तुऱ्याशी मिळवून आणलेल्या फिक्या कुडत्यावर नारिंगी बोटं उमटली. मग बाकीच्या पोरांना कळलं की हसायचे पैसे मिळतात. त्या क्षणापासून बांधावर फुकट कोणी हसलं नाही.

सगळ्यात धाकटं ते वर्षाचं. त्याला अजून उभं राहता येत नव्हतं, पण त्याच्या आईच्या मते ते उभं राहू शकत होतं. इथे एक जुनी युक्ती कामी आली. विलायतेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तान्ह्या बाळांचे फोटो काढताना आईला चादरीखाली लपवत आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवत. ते फोटो आजही मिळतात. बाळ ठळक, आणि मागे खुर्चीवर टाकल्यासारखी दिसणारी एक मोठी, आकारहीन, श्वास घेणारी चादर. आमच्या धाकट्या वहिनींना चादरीची गरज लागली नाही. त्या ज्वारीत बसल्या आणि मागून बाळाचा झबल्याचा बंद धरला. बाळ उभं राहिलं. तिन्ही पिढ्यांनी वाहवा केली. पंच्याहत्तरीच्या त्या फोटोत घरातली एक सून नाही. असलीच तर बाळाच्या उजव्या खांद्यामागे दोन बांगड्या आहेत.

परदेशी स्टुडिओंत पूर्वी कॅमेऱ्याजवळ पितळेची चिमणी बसवत, नळीने हवा मारली की ती शीळ घाली, आणि मूल तिकडे बघे. इथे चिमणीचं काम फोटोवाल्याच्या मदतनिसाने केलं. तो शिट्टी वाजवून हात हलवू लागला. पोरांनी बघितलं नाही, पण पलीकडच्या रस्त्याने कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन, थांबला. चालकाने विचारलं, “काय झालं?”

आता उभं राहण्याबद्दल. फोटोवाला म्हणाला, “उंचीनुसार या. उंच मागे, बुटके पुढे.” महाराष्ट्रातल्या कोणत्याही एकत्र कुटुंबाला इतका क्रांतिकारक विचार फुले-शाहू-आंबेडकरांनंतर कोणी सांगितला नसेल. उंचीनुसार? थोरले दाजी सव्वापाच फूट आहेत; त्यांना पुढे मातीत बसवायचं? घरच्या जावयाला? खुर्च्या आल्या. खुर्च्या चार आणि मानाची माणसं सात. आप्पा मधे हे ठरलं, पण आईने आप्पांच्या शेजारी खुर्चीवर बसायला नकार दिला, कारण समोर नाना उभे होते आणि थोरल्या दिरांपुढे बसत नाहीत तसं धाकट्यापुढेही फार ऐटीत बसवत नाही. शेवटी आत्या तिच्या खुर्चीत बसल्या. त्या माहेरी आल्या होत्या आणि त्यांना कोणाचीच भीती नव्हती.

एवढं होऊन पोराने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि म्हणाला, “सगळे जरा डावीकडे सरका, ऊन चांगलंय.” कोणी सरकेना. “डावीकडे, डावीकडे.” चुलतभाऊ म्हणाला, “डावीकडं त्यांची हद्द सुरू हुती.” ‘त्यांची’ म्हणजे पलीकडच्या चुलत्यांची, जे त्याच रांगेत, त्याच फोटोसाठी, फिकं घालून उभे होते. या बांधावरून गेली काही वर्षं दोन घरांत बोलणं नाही. भूमी अभिलेखची मोजणी व्हायची आहे. पंच्याहत्तरीला म्हणून ते आले होते. पलीकडचे काका कोणाकडेही न बघता म्हणाले, “फोटोपुरतं सरका. पण उद्या हाच फोटो पुरावा म्हणून दाखवायचा नाही.” तसं कबूल झालं. कुटुंब फूटभर डावीकडे सरकलं. माझ्या आठवणीत दोन्ही घरं त्या बांधावर एकमताने हललेली ही पहिली वेळ.

“आता जरा नैसर्गिक उभे राहा,” पोरगा म्हणाला. हे ऐकताच सगळ्यांनी टाचा जुळवल्या.

पूर्वी स्टुडिओवाले भिंतीवर बाग रंगवत आणि तिच्यापुढे माणसाला खुर्चीत बसवत. आम्ही खरी बाग आणि घरातल्या खुर्च्या अशी उलट बाजूने मांडणी केली आणि बसलो मात्र पडद्यापुढे बसल्यासारखेच. पोरांना कॅमेऱ्याचा पडदा हवा होता, आत्यांना पोपटी साडी दिसायला हवी होती, नानांना तोंडावर ऊन हवं होतं, आप्पांना श्वास. फोटोवाला शांतपणे बटण दाबत राहिला. त्या पोराचं मला शेवटपर्यंत कौतुक वाटत होतं, आणि तो इतका शांत कसा याचं कोडंही.

कोडं आठवड्याने सुटलं. फोटो आला आणि त्यात सगळे हसत होते. आप्पांचे डोळे उघडे होते. पुतणी जागेवर होती. थोरला भाऊ जागा होता. मी विचारलं तर तो म्हणाला, “असा एकही फोटो नव्हता, दादा. ज्याचं ज्यात चांगलं आलंय त्यातून त्याचं तोंड घेतलं.” म्हणजे सगळं घर एकाच वेळी समाधानी असल्याचा तो क्षण आमच्या बांधावर घडलाच नाही, तो शिरूरला, त्याच्या दुकानात, वेगवेगळ्या वेळची डोकी जमवून तयार झाला. मला त्यात फसवणूक वाटली नाही. लग्नाच्या पत्रिकेतली प्रेषक-निमंत्रकांची यादीही अशीच तयार होते. फक्त नाना बराच वेळ तो फोटो डोळ्यांजवळ धरून बसले होते. डोकी कापायची कला इतकी पुढे जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आईची तक्रार वेगळी होती. पोरांच्या गालावर तिने सकाळी काजळाची तीट लावली होती. फोटोवाला पुसा म्हणाला होता, तिने पुसू दिली नव्हती. त्याने ती संगणकावर पुसली. इतकी माणसं एकत्र, इतकी हसतायत, आणि एकाही पोराच्या गालाला काळं नाही? चौकट भिंतीवर लागल्यावर तिने काजळाची डबी आणली आणि काचेवरच, ज्याच्या त्याच्या गालाच्या जागी, एकेक ठिपका दिला. बाळाला दोन दिले. आता आठवड्यातून एकदा काच पुसली जाते आणि ठिपके पुन्हा लागतात. एकदा ठिपका थोडा सरकून दाजींच्या कपाळावर बसला होता, पण जावई म्हणून तो कोणी काढला नाही.

आणि ज्या वाढदिवसासाठी हे सगळं, त्याचा फ्लेक्स. गावातल्या तरुण मंडळाची पोरं उत्साही. त्यांनी आमच्याकडून फोटो मागून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. वर ओळीने पुढारी, खाली शुभेच्छुकांची दाटी, आणि मधोमध एकटे आप्पा, कुटुंबातून अलगद कापून काढलेले. ज्वारी नाही, लिंब नाही, बांध नाही. त्यांच्या मागे निळं तळं, हिरवं कुरण आणि बर्फाचे डोंगर.

आम्ही सगळे आप्पांना घेऊन बघायला गेलो. ते टोपी मागे सारून बराच वेळ वर बघत राहिले.

“ह्यो डोंगर कुठला?”

“स्वित्झर्लंडचा, आप्पा,” मंडळाचा पोरगा म्हणाला.

“पाण्याची सोय बरी दिसतीया,” आप्पा म्हणाले. “आवर्तन कवा सोडत्यात तिकडं?”